आधी काटा, मग सुई: कॅज्युअल्टीत लेकरांसाठी केलेल्या कामाच्या नोंदी, नागपूर

११ मार्च २०२५

मेट्रन मॅडम म्हणाल्या जे करतोस ते लिहून ठेव, नाहीतर सहा महिन्यांनी कोणालाच आठवणार नाही काय केलं होतं ते. म्हणून ड्युटी संपली की फोनवर टाईप करून राहिलो, शुद्धलेखन कोणी तपासू नये. मी कॅज्युअल्टीत, म्हंजे इमर्जन्सीत, ब्रदर (पुरुष नर्स) आहे. आमचं हॉस्पिटल जनरल, म्हंजे हार्ट, हाडं, डिलिव्हरी सगळं आहे, पण लहान मुलांचं वेगळं इमर्जन्सी वगैरे काही नाही. तरी रात्री आईबाप जे जवळ दिसते तिथे पळतात, ते बोर्ड वाचत नाहीत.

मागच्या आठवड्यात पावणेदोनला एक माणूस पोरीला खांद्यावर टाकून धावत आला. झटके चालू, तोंडाला फेस, मागून आई अनवाणी. बालरोगवाले सर रात्री ऑन कॉल असतात, घरून यायला अर्धा-पाऊण तास. सीएमओ मॅडम, म्हंजे कॅज्युअल्टीच्या ड्युटी डॉक्टर, हुशार आहेत पण त्यांचा हात मोठ्यांवर बसलेला, अटॅक, अॅक्सिडेंट, विष घेतलेले. त्यांनी विचारलं वजन किती, आणि मी पोरीकडे बघून सांगून टाकलं पंधरा-सोळा असेल. त्या हिशोबानं झटक्यांचं औषध मिडॅझोलम गेलं. झटके थांबले, पण श्वासही मंदावला, सॅच्युरेशन, म्हंजे रक्तातला ऑक्सिजन, उतरायला लागलं. अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, घेतली तर ट्रॉलीवर फक्त मोठ्यांचा मास्क, तो पोरीच्या भुवयांपासून हनुवटीच्या खालपर्यंत, कडेनं सगळी हवा बाहेर. छोटा मास्क आहे का? आहे. कुठे? कपाटात. चावी? इन्चार्ज सिस्टरकडे, आणि सिस्टर दुपारी चारलाच घरी गेलेल्या. शेवटी वॉर्डबॉय मामांनी सलाइनच्या स्टँडनं कुलूप तोडलं.

पोरगी नीट आहे, दुसऱ्या दिवशी बेडवर बसून बिस्कीट खात होती. वॉर्डात काट्यावर ठेवली तर अकरा किलो दोनशे. मी पंधरा-सोळा बोललो होतो.

१९ मार्च

मेट्रन मॅडमनी विचारलं कॅज्युअल्टीत लहान पोरांच्या तयारीची जबाबदारी कोण घेते, सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं, कुलूपाच्या रात्री मीच होतो नं. डॉक्टरांकडून सीएमओ मॅडम स्वतः आल्या. नंतर वाचताना कळलं की अमेरिकेत जनरल हॉस्पिटलांसाठी जी यादी आहे तिच्यात सुरुवातीलाच हे येते, लहान मुलांसाठी एक नर्स आणि एक डॉक्टर नावानिशी जबाबदार पाहिजे. तिकडे पण बहुतेक पोरं मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात जात नाहीत, आपल्यासारख्या साध्या ठिकाणीच येतात. २०१३ साली त्यांनी चार हजारांवर इमर्जन्सी डिपार्टमेंटना प्रश्न विचारून पोरांच्या तयारीचे शंभरपैकी मार्क काढले तर मधला आकडा ६९ च्या आसपास, २०२१ ला परत काढले तरी तिथेच. म्हंजे पैसा असून पण हे आपोआप होत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात तर फारच सिरीयस होऊन आलेल्या पोरांमधे, तयारीत वरच्या गटातल्या हॉस्पिटलांत मृत्यू ३.४ टक्के आणि खालच्या गटात ११.१ टक्के. ही तफावत एकट्या तयारीमुळेच असं कोणी छातीठोक सांगणार नाही, पण मी तो कागद प्रिंट काढून अॅडमिन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

आपले जुने केसपेपर पण काढले. वजनाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काहीच नाही, आणि जिथे आहे तिथे दहा, पंधरा, वीस असे गोल आकडे. पोरं काय पाच-पाच किलोच्या पॅकिंगमधे येतात काय.

२७ मार्च

काट्यांची शोधाशोध. पूर्ण हॉस्पिटलात काटे तीन: एक लेबर रूममधे बाळांचा पॅनवाला, एक ओपीडीत उभं राहायचा, आणि एक डाएटिशियन मॅडमच्या केबिनमधे जो संध्याकाळी बंद होतो. कॅज्युअल्टीत शून्य. साधं उभं राहायचं डिजिटल मशीन घ्यायचं ठरलं, कारण छोट्या पोराचं करायचं असलं तर आधी आईला पोरासकट उभं करायचं, मग पोर बापाकडे देऊन एकट्या आईला, आणि वजा. झटके येत असलेल्या पोराला पण बापाच्या कडेवर असतानाच मोजता येते, दहा-पंधरा सेकंदाचं काम. अगदी तान्ह्यांसाठी मात्र पॅनवालाच लागेल, आईच्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडला तर मोठ्या पोरात चालते, तीन किलोच्या बाळात नाही.

अॅडमिन म्हणे तीन कोटेशन आणा. एका काट्याला. गांधीबागेच्या दवा बाजारात सुट्टीच्या दिवशी गेलो, ऊन खात फिरलो, आणली तीन कोटेशन.

९ एप्रिल

काटा आला, दारातच ठेवला, रजिस्ट्रेशनच्या टेबलाच्या बाजूला. एक जण म्हणाला इथे पाय लागून पडेल कोणी, म्हटलं लागू दे, दिसला तर वापरतील.

आज गंमत केली. ओपीडीत आलेल्या पोरांचं वजन आधी डोळ्यांनी सांगायचं, मग मोजायचं. डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी सगळे. डॉक्टर लोक सगळ्यात जास्त चुकले आणि बहुतेक वरच्या बाजूला. आया बऱ्यापैकी जवळ होत्या, एक आजी तर पोराला नुसतं कडेवर तोलून साडेनऊ बोलली आणि काटा साडेनऊ. आजीला ठेवून घ्या म्हणे ड्युटीवर.

पुस्तकातलं सूत्र पण लावून बघितलं, वयात चार मिळवा आणि दुप्पट करा. तीन वर्षाच्या पोराला चौदा किलो येते, आणि समोर उभा असते साडेअकराचा काडीपैलवान. ती रंगीत पट्टी मिळते नं, पोराच्या बाजूला ठेवायची आणि उंचीवरून वजन, ब्रोसेलो टेप, ती अमेरिकेतल्या पोरांवर बेतलेली आहे. आपली पोरं तेवढ्याच उंचीत हडकुळी, त्यामुळे भारतातल्या तपासण्यांमधे दहा किलोच्या वरच्या पोरांत ती वजन जास्त दाखवते असंच निघालं. पट्टीला नाव ठेवत नाही, पोराला हलवताच येत नसलं तर काहीच नसण्यापेक्षा बरी, पण काटा हाताशी असताना अंदाज कशाला.

२४ एप्रिल

ऊन म्हंजे ऊन. जुलाब-उलटीची पोरं रोज. काटा आल्यावर पहिला खरा फायदा इथे दिसला. डोळे खोल गेलेलं, सुस्त, चिमटा काढला तर कातडी हळूहळू खाली जाते अशा पोराला किलोमागे १०० मिली सलाइन द्यायचं असते, एक वर्षाखालच्याला पहिले ३० मिली तासाभरात आणि उरलेले ७० पाच तासांत, मोठ्याला पहिले अर्ध्या तासात आणि उरलेले अडीच तासांत. वजनच नसलं तर हे सगळं गणित हवेत.

ड्रिप सेटचा पण एक लोचा सापडला. साध्या सेटचे साधारण २० थेंब म्हंजे १ मिली, मायक्रोड्रिपचे ६०. मायक्रोड्रिपमधे सोपं असते, मिनिटाला जेवढे थेंब तेवढे तासाला मिली. आपल्या ड्रॉवरमधे दोन्ही एकाच खणात. आता वेगळे केले, मायक्रोड्रिपच्या खणाला लाल टेप.

सीएमओ मॅडमनी एक गोष्ट सगळ्यांना बजावून सांगितली, हगवण लागून सुकलेलं पोर वेगळं आणि तापानं फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं पोर वेगळं. दुसऱ्याला पण आपण सवयीनं सलाइन पिचकारीनं ढकलतो. २०११ साली युगांडा, केनिया, टांझानियात ३१४१ पोरांवर याचा मोठा अभ्यास झाला, तापाच्या सिरीयस पोरांना झपाट्यानं सलाइन दिलेल्या गटांत ४८ तासांत साधारण साडेदहा टक्के गेली आणि न दिलेल्या गटात ७.३ टक्के. सगळ्यांना उलटं वाटलं होतं. आपल्याकडे व्हेंटिलेटर, पीआयसीयू (लहान मुलांचं आयसीयू) जवळ आहे म्हणून जसंच्या तसं लागू होत नाही हे खरं, पण मॅडमचा नियम असा की थोडं थोडं द्या, दर वेळी लिव्हर चाचपा, छाती ऐका, मग पुढचं.

१२ मे

डोस कार्ड. तीन आठवडे याच्यात गेले, आणि माझ्या मते पूर्ण कामातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. कल्पना साधी, तीन किलोपासून तीस किलोपर्यंत प्रत्येक वजनाचं एक कार्ड, त्यावर मिलीग्रॅमच्या बाजूला मिली पण, म्हंजे रात्री दोनला कोणी कॅल्क्युलेटर शोधायला नको. दहा किलोचं कार्ड असं: नाकातून मिडॅझोलम २ मिलीग्रॅम, अॅलर्जीच्या शॉकला एकास हजारवालं अॅड्रेनलीन मांडीत ०.१ मिली, साखर उतरली असली तर दहा टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली. पंचवीस टक्केवालंच हाताशी असलं तर दोन भाग ते आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, झालं दहा टक्के, हे पण कार्डाच्या मागे लिहिलं कारण दर वेळी याच्यावर वाद होतात.

पॅरासिटामॉलचं तर विचारूच नका. दहा किलोच्या पोराला १५० मिलीग्रॅम. पाच मिलीत १२५ वाल्या सिरपचे होतात ६ मिली. आणि ड्रॉप्सवाली बाटली असते १ मिलीत १०० ची, तिचे होतात दीड मिली. आई घरून येताना सांगते सहा मिली दिलं, पण कशातून दिलं ते आपण विचारत नाही. ड्रॉप्समधून सहा मिली म्हंजे चौपट डोस गेला. आता बाटली दाखवा हे विचारणं कंपल्सरी.

पहिल्या प्रिंटमधे मीच शेण खाल्लं. कार्ड मराठीत करू म्हटलं, मराठी आकडे टाकले. ट्रायलला एका सिस्टरनं १ मिलीला ९ मिली वाचलं, कारण मराठी एक आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात. केरळची सिस्टर आहे, तिची काय चूक. मराठी पाच पण इंग्रजी चारसारखा वाटतो. सगळी कार्डं फाडली, आकडे इंग्रजीत, नावं दोन्हीत, आणि टिंबाच्या आधी शून्य असलंच पाहिजे, नुसतं टिंब एक असं नाही चालणार. बालरोगवाले सरांनी एकेक कार्ड स्वतः तपासून सही केली, दोन रविवार गेले त्यांचे, चहा माझ्याकडून.

३० मे

पोराला सगळ्यात आधी डॉक्टर बघतच नाही, सिक्युरिटीवाले भाऊ बघतात. त्यांच्या नंतर रजिस्ट्रेशनवाली पोरगी, जी आधार कार्ड मागते. हे कळायला मला दोन महिने लागले, दारात उभं राहून एक दुपार नुसतं बघितलं तेव्हा कळलं. ताप आहे म्हणून एक बाई लाईनमधे बसून होती, पदराखाली बाळ, बाळ महिन्याभराचं, आणि पुढे चार जण पट्टी बदलायला आलेले.

भाऊंना शिकवायला गेलो तर म्हणाले, मले काय समजते जी त्यातलं, मी दार उघडतो. मग म्हटलं तीनच गोष्टी. पोर तुमच्याकडे बघते का, रडते का, की मान टाकून पडलंय. श्वास घेताना छाती आत जाते का, नाक फुलते का, कण्हते का. आणि रंग, पांढरं फटक, निळं, डाग डाग. हात लावायचा नाही, मशीन लावायचं नाही, दुरून बघायचं, तिघांतलं एक पण असलं की लाईन तोडून सरळ आत. भाऊ म्हणाले एवढंच होय, हे तर आमच्या बकरीचं पण असंच बघतो. बरोबर आहे.

दोन महिन्यांखालचं बाळ मात्र कसंही दिसो, आधी. जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायाजची, म्हंजे कोणाला आधी बघायचं त्याची, यादी आहे, इंग्रजीत त्याचं पाठ करायचं सूत्र आहे थ्री टी, पी, आर, एम, ओ, बी. तान्हं बाळ, ताप, मार, फिक्कटपणा, विष, जास्त दुखणं, दम, चिडचिड किंवा सुस्ती, दुसरीकडून पाठवलेलं, कुपोषण, दोन्ही पायांवर सूज, भाजलेलं. मराठीत त्याचं सूत्र करायला आम्ही पाच जण डबा खात बसलो, काही जमलं नाही, जे जमलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी चित्रं काढून चिकटवली.

२१ जून

कुलूप गेलं. इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं पण चूक नव्हतं, सामान हरवते आणि पगार त्यांचा कापायला निघतात. मधला रस्ता म्हणून प्लास्टिकचं एकदाच वापरायचं नंबरवालं सील. हिसका मारला की तुटते, तुटलं की कळते कोणीतरी उघडलं, मग भरून नवीन नंबर लिहायचा. आत मास्क शून्य ते तीन नंबर, बाळांची आणि मुलांची अंबू बॅग, श्वासनळीत नळी टाकताना लागणारं सरळ ब्लेड, हाडातून सलाइन द्यायची सुई, बाळाच्या पायाला गुंडाळायचा ऑक्सिमीटरचा प्रोब, बीपीचे छोटे कफ. मोठ्यांचा कफ पोराच्या दंडाला बांधला तर बीपी कमी दाखवते, आणि अतिछोटा बांधला तर जास्त, हे पण मला आत्ताच कळलं आणि नोकरीला नऊ वर्षं झाली.

८ जुलै

पाऊस लागला, विंचू निघाले. काटोलकडून एक मुलगा, सहा वर्षाचा. बाप म्हणे इच्चू चावला जी, पोराले घामच घाम फुटला. चड्डीपर्यंत ओला, हात बर्फ, सारखा ओकत होता, नाडी पळत होती. भाऊंनी दारातूनच आत पाठवला, काट्यावर सोळा किलो, आल्यापासून दोन मिनिटांत वजन फळ्यावर. इथपर्यंत छान.

लाल विंचवात दुखण्यापेक्षा भीती हृदयाची आणि फुफ्फुसात पाणी भरायची असते, आणि औषध प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम, गावात राहून केलेलं आणि लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलेलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. सोळा किलोला ४८० मायक्रोग्रॅम, म्हंजे एक मिलीग्रॅमची साधी गोळी अर्धी. आणि फार्मसीत निघाली लाँग अॅक्टिंगवाली, मोठ्यांच्या बीपीची, जी तोडून द्यायची नसते. मामा बाईकवर गेले, तिसऱ्या मेडिकल स्टोअरमधे साधी गोळी मिळाली. तोपर्यंतचे मिनिटं मी मोजले नाहीत, मोजावेसे वाटले नाहीत. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेवायचं, आईला कडेवर घेऊ द्यायचं नाही, बीपी एकदम पडते. आईला ते समजावणं गोळी शोधण्याहून कठीण गेलं, ती म्हणे लेकराले जवळ पण नको घेऊ का. मग ती त्याच्या बाजूला डोकं टेकून बसली. मुलगा तीन दिवसांनी घरी.

साध्या गोळीची एक स्ट्रिप आता सीलच्या आत. तसंच सापाचं पण लिहून लावलं, की सापाच्या लसीला वजनाचा हिशोब नाही, पोराला पण मोठ्याइतक्याच व्हायल, कारण सापानं विष काही वजन बघून सोडलेलं नसते. चार महिने वजन वजन करून डोकं खाल्ल्यावर हे सांगायला गेलो तर एक सिस्टर म्हणाली, ब्रदर आधी तुमचं काय ते नक्की करा.

२५ ऑगस्ट

मारबत, तान्हा पोळा, आमच्याकडचे सण, सगळं पार पडलं. लाकडी बैलाचं चाक पायावरून गेलेले दोन, गर्दीत हात सुटून पडलेलं एक, शंकरपाळ्याचा तुकडा अडकून आलेलं एक, ते आमच्या दारातच खोकून मोकळं झालं.

मॉक ड्रिल घेतली, न सांगता, रात्री तीनला. माझ्या पुतणीची बाहुली आणि पोटाला बांधलेली दहा किलोची कणकेची थैली. गोष्ट अशी की पोर निपचित, साखर ३२. वजन झालं, कार्ड निघालं, सील तुटलं, डेक्स्ट्रोज बनलं, आणि सलाइनची नस काही मिळेना असं मी मुद्दाम सांगितलं. दोनदा प्रयत्न करून नाही मिळाली तर हाडातून, असं ठरलेलं. पण सगळे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नसच शोधत राहिले, हाडाची सुई कोणी हातात घेईना. नंतर बोलताना कळलं भीती वाटते, पोराच्या हाडात सुई म्हंजे काहीतरी क्रूर वाटते. सर म्हणाले कोंबडीच्या तंगडीवर प्रॅक्टिस घेऊ. चिकनच्या दुकानातून डझनभर तंगड्या आणल्या, ट्रेनिंग झालं, टक्क करून आत गेली की सगळ्यांचे चेहरे खुलत होते. त्या तंगड्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका, कुत्र्यांना घातल्या.

१३ सप्टेंबर

खराब महिना. परत केसपेपर काढले, दिवसा वजन जवळपास सगळ्यांवर, रात्री परत रकाने कोरे. एजन्सीनं चार लोक बदलले, नवीन पोरांना कोणी सांगितलंच नाही. मी चिडलो, मग लक्षात आलं की मी रजेवर होतो तेव्हाचेच कागद आहेत ते. म्हंजे काम माझ्या बोलण्यावर चालून राहिलं, सिस्टीमवर नाही. आता फार्मसीत सांगून ठेवलं, बारा वर्षांखालच्या पोराच्या चिठ्ठीवर वजन नसलं तर औषध परत पाठवा. पहिल्या दिवशी दोन डॉक्टर भांडले, तिसऱ्या दिवशी वजन लिहायला लागले. इमर्जन्सीच्या सामानाला हा नियम नाही, ते आधीच सीलच्या आत आहे.

६ ऑक्टोबर

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बातम्यांनी पूर्ण शहर हादरलंय. तिकडची पोरं आजारपणात नागपूरलाच येतात, दोन-तीन तासांचा रस्ता. साधा सर्दी-खोकला, सिरप दिलं, आणि काही दिवसांनी लघवी बंद, किडनी गेली. त्या सिरपच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ४८.६ टक्के. केंद्रानं ३ तारखेला सूचना काढली, दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं नकोच आणि पाच वर्षांखाली पण साधारणपणे नको.

आमच्याकडे रोज घाबरलेले आईबाप येतात, पिशवीत सगळ्या बाटल्या घालून. एरवी सांगून सांगून आणत नाहीत. ट्रायाजच्या फळ्यावर दोन प्रश्न वाढवले: कोणतं औषध चालू आहे, बाटली दाखवा, आणि शेवटची सू कधी केली. दुसरा प्रश्न आम्ही आधीपासून विचारायला पाहिजे होता, जुलाबाच्या पोराला पण तोच लागतो. आज एका बापानं रडत विचारलं, मी सोता चमच्यानं पाजलं हो, आता काय होईन. त्याच्या बाटलीचं नाव वेगळं होतं, पोराची लघवी नीट होती, तरी रक्त पाठवलं. तो माणूस रिपोर्ट येईपर्यंत दारातल्या काट्यावरच बसून होता, उठा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

१७ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. भाजलेल्या पोरांचा ट्रे लावला. पोस्टरवर भाऊंसाठी लिहिलं, आधी नळाखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, बाकीचं अंग झाकून ठेवा. जळालेल्या टक्क्यांचा पोरांचा तक्ता वेगळा असतो, डोकं मोठं आणि पाय छोटे, तो मोठ्यांच्या तक्त्याच्या शेजारी लावला, रंग वेगळा.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला सांगायचं: पॅनवाला काटा अजून आलेला नाही, कोटेशन मात्र जुलैतच दिलेत. पीआयसीयूत पाठवायच्या आधी फोन कोणी करायचा, डॉक्टर की ब्रदर, हे ठरत नाहीये. सरळ ब्लेडचा बल्ब उडाला.

दारातला काटा आज रात्री साडेबाराला बंद पडला, सेल संपले. स्टोअर बंद. ड्युटी रूमच्या घड्याळातला एक सेल आणि टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढून लावले, चालू झाला. घड्याळ पावणेएकवर थांबलंय, सकाळी इन्चार्ज सिस्टर विचारतीलच.